पेनिसिलीनच्या गावातली गोष्ट

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने निघालं, की कासारवाडी ओलांडल्यावर आणि पिंपरी येण्याच्या जरा आधी एक बसथांबा लागतो. त्याला सगळे ‘एच. ए.’ म्हणतात. एच. ए. म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. माझ्या लहानपणी एवढं लांबलचक नाव कुणी घेत नसे. आमच्यासाठी ती ‘पेनिसिलीन फॅक्टरी’ होती. माझे वडील तिथे कामाला होते. पाळी संपवून घरी आले, की त्यांच्या कपड्यांना एक आंबूस वास यायचा. आई म्हणायची, ‘आली बुरशी घरात!’

त्याच फॅक्टरीच्या पगारावर मी डॉक्टर झालो. लहान मुलांचा डॉक्टर. चाकणला तीस वर्षांहून जास्त काळ दवाखाना चालवला. आज मागे वळून पाहताना वाटतं, की वडिलांनी आयुष्यभर जे औषध तयार केलं, तेच बोथट करण्यात माझाही थोडा हात आहे. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

आधी थोडा इतिहास. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत एक बुरशी उगवली आणि तिच्या आजूबाजूचे जंतू मेले, हे आपण शाळेतच शिकलो. त्या बुरशीतून पेनिसिलीन सापडलं. पण बशीतला रस औषधाच्या बाटलीत यायला आणखी बारा-तेरा वर्षं लागली. ते काम ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. दुसरं महायुद्ध चालू होतं, त्यामुळे पेनिसिलीन आधी सैनिकांना मिळालं. युद्ध संपल्यावर आपल्याकडे ते येऊ लागलं ते परदेशातून, परदेशी भावाने.

मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले साहेबसिंग सोखी यांच्यासारखी माणसं तेव्हापासून सांगत होती, की अशी औषधं देशात आणि सरकारी कारखान्यात बनली पाहिजेत. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक मदत दिली आणि १९५५ मध्ये पिंपरीत पेनिसिलीन तयार होऊ लागलं. तेव्हा ना टेल्को होती, ना बजाज, ना एमआयडीसी. पिंपरी-चिंचवड ही उद्योगनगरी झाली त्याच्या आधी ती पेनिसिलीनची नगरी होती. पुढे इथल्याच संशोधकांनी, डॉ. थिरुमलाचार यांच्या प्रयोगशाळेत, बुरशीच्या रोगांवरचं हॅमायसिन शोधलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं, त्याचं शास्त्रीय नाव आहे स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. म्हणजे आपल्या पिंपरीचं नाव जंतुशास्त्राच्या पुस्तकात कायमचं जाऊन बसलं आहे.

वडील फारसे शिकलेले नव्हते, पण स्वच्छतेच्या बाबतीत विलक्षण कडक होते. मी एकदा त्यांना विचारलं, ‘दादा, तुमच्या फॅक्टरीत हवासुद्धा गाळून का घेतात?’ त्यांनी दिलेलं उत्तर मला अजून आठवतं. ते म्हणाले, ‘पेनिसिलीन जंतूंना मारतं हे खरं. पण काही जंतू पेनिसिलीनलाच खातात. असा एक जरी टाकीत शिरला आणि वाढला, तर टाकीभर औषधाचं पाणी होईल.’

पुढे बी. जे. मेडिकलला शिकताना कळलं, की दादा सांगत होते ते अगदी बरोबर होतं. काही जिवाणू पेनिसिलिनेज नावाचं द्रव्य तयार करतात आणि ते पेनिसिलीनचे तुकडे करतं. हा शोध चेन आणि अब्राहम यांनी १९४० मध्येच प्रसिद्ध केला होता. पेनिसिलीन बाजारात यायच्या आधीच त्याचा शत्रू सापडला होता. जी गोष्ट पेनिसिलीनच्या कारखान्यातल्या साध्या कामगाराला माहीत होती, ती आम्ही डॉक्टर मंडळी मात्र पुस्तकात वाचून परीक्षेनंतर विसरलो.

फ्लेमिंगही विसरले नव्हते. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारल्यानंतरच्या भाषणात त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. त्याचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलीन आणतो आणि थोडंसं घेतो. तेवढ्याने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. मग ते सरावलेले जंतू त्याच्या बायकोच्या छातीत जातात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलीन लागू पडत नाही आणि ती दगावते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, असा प्रश्न फ्लेमिंग यांनी विचारला होता. पेनिसिलीनच्या कौतुकाच्या दिवशी त्यांनी हे सांगावं, यात त्यांचं मोठेपण आहे.

आता या गोष्टीतल्या जंतूची ओळख करून देतो. त्याचं नाव न्यूमोकोकस. लहान मुलांचा न्यूमोनिया, कानातला पू, मेंदूज्वर यांमागे बऱ्याचदा हाच असतो. गंमत म्हणजे तो पुष्कळशा निरोगी मुलांच्या नाकात आणि घशात काहीही त्रास न देता राहतो. आणखी एक योगायोग पाहा. ज्या १९२८ साली फ्लेमिंगना बुरशी दिसली, त्याच साली फ्रेडरिक ग्रिफिथ नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी याच न्यूमोकोकसवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उंदराला निरुपद्रवी जिवंत जंतू आणि घातक पण उष्णतेने मारलेले जंतू एकत्र टोचले. उंदीर मेला आणि त्याच्या रक्तात घातक जंतू जिवंत सापडले. निरुपद्रवी जंतूंनी मेलेल्यांकडून काहीतरी उचललं होतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे डीएनए, हे १९४४ मध्ये अमेरिकेत एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं.

हे मी का सांगतो आहे? कारण न्यूमोकोकस औषधाला दाद न देण्याची विद्या बऱ्याच अंशी याच मार्गाने मिळवतो. नाकातल्या दुसऱ्या जातीच्या शेजारी जंतूंच्या डीएनएचे तुकडे तो उचलतो आणि स्वतःच्या अंगात बसवतो. पेनिसिलीन जिथे चिकटायचं ती जागाच बदलून टाकतो. कुलूप बदललं की जुनी किल्ली चालत नाही, तसं. हिमोफिलस हा मुलांच्या श्वसनमार्गातला दुसरा जंतू. तो दादांनी सांगितलेली युक्ती वापरतो, म्हणजे औषधाचेच तुकडे करतो. पेनिसिलीनला कमी दाद देणारा न्यूमोकोकस ऑस्ट्रेलियात १९६७ मध्ये सापडला. दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये लहान मुलांमध्ये तो आढळला आणि वैद्यकीय जग खडबडून जागं झालं.

आपल्या महाराष्ट्रात मात्र त्यानंतर दहाएक वर्षांनी औषधाच्या योग्य वापराचा एक मोठा धडा घालून दिला गेला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८-८९ मध्ये ५८ गावांत एक प्रयोग केला. गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दाईंना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला आणि को-ट्रायमोक्साझोल हे स्वस्त औषध द्यायला शिकवलं. ना एक्स-रे, ना रक्ततपासणी. मुलाचा श्वास एका मिनिटात किती वेळा चालतो, एवढंच मोजायचं. उपचार मिळालेल्या मुलांमध्ये न्यूमोनियाने दगावण्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं. शेजारच्या ज्या गावांत ही सोय नव्हती, तिथे ते तेरा टक्क्यांच्या पुढे होतं. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि जगभर पोचला.

या प्रयोगातली खरी खुबी काय होती? औषध तर होतंच. पण त्याबरोबर मोजणं होतं. श्वास जलद असेल तर औषध. साधा सर्दी-खोकला असेल तर औषध नाही.

आणि मी? त्याच वर्षांत मी चाकणला काय करत होतो, ते आता सांगतो.

तेव्हाचं चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार आणि संग्रामदुर्गाच्या पडक्या भिंती. नव्वदीच्या अखेरीला कारखाने येऊ लागले आणि गाव बघता बघता बदललं. मराठवाड्यातून, विदर्भातून, पुढे उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसं आली. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा जण राहू लागले. नवरा पाळीवर, बायको कंत्राटी कामावर. मूल आजारी पडलं, की एकाचा खाडा ठरलेला आणि खाडा म्हणजे पगारात कपात. बाई दवाखान्यात यायची ती घाईतच. ‘डॉक्टर, उद्या सुट्टी नाही मिळायची. लवकर बरं होईल असं काहीतरी द्या.’

बाहेर बाकावर वीस-पंचवीस माणसं बसलेली. समोरच्या मुलाच्या नाकातून पाणी वाहतंय, ताप आहे. दहातल्या आठ-नऊ वेळा तो विषाणूंचा आजार असतो आणि त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो, हे मला ठाऊक होतं. पण हे समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात आणि चिठ्ठीवर औषध लिहायला अर्धं मिनिट. शिवाय मी नुसतं वाफ आणि पॅरासिटामॉल सांगितलं, तर ती बाई कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दवाखान्यात जाईल, ही भीतीही होती. मी औषध लिहीत गेलो. ज्यांच्याकडे पैसे कमी, त्यांना म्हणायचो, ‘आज दोन दिवसांचं घ्या, फरक पडला नाही तर या.’ फरक पडायचाच, कारण सर्दी आपोआप बरी होत असते. ते परत येत नसत आणि उरलेली बाटली फळीवर पुढच्या आजारपणाची वाट पाहत राहायची.

१९९७ च्या थंडीत एक दोन वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला. त्याला मी चांगलं ओळखत होतो. वर्षभरात चार-पाच वेळा तो येऊन गेला होता आणि दर वेळी मी को-ट्रायमोक्साझोल दिलं होतं. त्या वेळी मात्र त्याचं पोट उडत होतं. मी श्वास मोजले, मिनिटाला साठ. तेच औषध दिलं, या वेळी पूर्ण मात्रेत. दोन दिवसांनी तो आणखी बिघडला. मी त्याला पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं. त्याच्या छातीत पू झाला होता. नळी घालून तो काढावा लागला. त्या पुवात न्यूमोकोकस वाढला आणि अहवालात को-ट्रायमोक्साझोलपुढे लिहिलं होतं, ‘लागू नाही’.

दुसऱ्या इंजेक्शनांनी मुलगा वाचला. तीन आठवड्यांनी त्याची आजी त्याला कडेवर घेऊन पेढे द्यायला आली. म्हणाली, ‘तुम्ही वेळेवर पाठवलंत म्हणून नातू हाती लागला, डॉक्टर.’ तो पेढा माझ्या घशाखाली उतरेना. त्या मुलाच्या नाकातला जंतू नेमका माझ्याच औषधांनी सरावला होता, असं मी सिद्ध करू शकत नाही. कदाचित तो जंतू शेजारच्या खोलीतल्या मुलाकडून आला असेल. पण शेजारच्या खोलीतलं मूलसुद्धा माझ्याकडेच येत होतं.

दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेला न्यूमोकोकसचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. पेनिसिलीनला थोडीफार दाद न देणारे जंतू तेव्हा जेमतेम १.३ टक्के होते. पण को-ट्रायमोक्साझोलला दाद न देणारे निघाले ५६ टक्के! गडचिरोलीत ज्या औषधाने मुलं वाचवली होती, तेच हे औषध. निम्म्याहून जास्त जंतूंनी त्याचं कुलूप बदललं होतं. पुढे पेनिसिलीनचे आणि अझिथ्रोमायसिनच्या जातीच्या औषधांचे आकडेही आपल्या देशात वाढत गेले. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या न्यूमोनियासाठी पहिलं औषध म्हणून ॲमॉक्सिसिलीनची शिफारस केली. हे ॲमॉक्सिसिलीन पेनिसिलीनच्याच घराण्यातलं. म्हणजे फिरून भिस्त आली ती दादांच्या फॅक्टरीतल्या औषधाच्या कुळावरच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बरेच जण म्हणतात, ‘माझ्या मुलाला औषधांची सवय झाली.’ सवय मुलाला होत नाही, जंतूंना होते. नाकात कोट्यवधी जंतू असतात. विनाकारण अँटिबायोटिक दिलं, की साधे जंतू मरतात आणि दाद न देणारे उरतात. त्यांना मोकळं रान मिळतं. ते मग पाळणाघरात, बालवाडीत, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात. ज्या मुलाने आयुष्यात एकदाही औषध घेतलेलं नाही, त्यालाही ते गाठतात. चुकीचं औषध एकाने घ्यायचं आणि किंमत दुसऱ्याने मोजायची, असा हा व्यवहार आहे. फ्लेमिंगच्या गोष्टीतल्या बायकोने तरी पेनिसिलीन कुठे चुकीचं घेतलं होतं?

हे प्रकरण केवढं मोठं आहे? २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत मोठा वाटा छातीच्या संसर्गांचा होता.

मग उपाय काय? थोडं काम कायद्याने झालं आहे. २०१४ पासून ‘एच-वन’ यादीतल्या प्रभावी अँटिबायोटिकची विक्री औषध दुकानदाराला वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते. पाकिटावरची तांबडी रेघही आता आपल्या ओळखीची झाली आहे. ती रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय हे औषध मागू नका, अशी खूण.

त्याहून मोठं काम लसीने केलं आहे आणि तिचा एक धागा पुन्हा आपल्या पुण्यातच येतो. हिमोफिलसवरची लस पेंटाव्हॅलंट लसीच्या रूपाने २०११ पासून टप्प्याटप्प्याने देशात आली. न्यूमोकोकसची लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर आली. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘न्यूमोसिल’ ही दहा प्रकारच्या न्यूमोकोकसवरची स्वस्त लस बनवली. २०१९ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळी ही लस सरकारी दवाखान्यात मोफत टोचतात. लस आजार तर टाळतेच, पण नाकातले घातक जंतूही कमी करते. अमेरिकेत २००० सालानंतर मुलांना न्यूमोकोकसची लस दिल्यावर औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचे गंभीर आजारही घटले. जंतू लसीमुळे शिरलाच नाही, तर कुलूप-किल्लीचा प्रश्नच उरत नाही.

आणि पेनिसिलीन फॅक्टरी? १९९० च्या दशकात ती आजारी उद्योगांच्या यादीत गेली. स्वस्त चिनी मालापुढे आपल्या देशातलं पेनिसिलीनच्या कच्च्या मालाचं उत्पादनच थांबलं. ते पुन्हा सुरू करण्यासाठी २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकीनाडाला नवा कारखाना उभा राहिला. १९५५ मध्ये जे आपण पिंपरीत मिळवलं होतं, ते सत्तर वर्षांनी पुन्हा मिळवायची वेळ आली. कारखाना बंद पडला तर तो पैसे घालून परत उभारता येतो. पण औषधाचा गुणच गेला, तर तो पैसे घालून परत आणता येत नाही.

त्या मुलाच्या आजारपणानंतर मी दवाखान्यात एक बदल केला. टेबलासमोर सेकंदकाटा असलेलं मोठं घड्याळ लावलं आणि आयांना श्वास मोजायला शिकवू लागलो. तुम्हालाही शिकवतो. मूल शांत असताना, रडत नसताना, झबलं वर करून पोटाकडे बघा. पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा जास्त भरले, तर दवाखान्यात चला. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल दूध किंवा पाणी घेत नसेल, तर मिनिटही घालवू नका. तसं काही नसेल आणि डॉक्टर म्हणाले, ‘अँटिबायोटिकची गरज नाही’, तर तो डॉक्टर कमी शिकलेला आहे असं समजू नका. गरज असेल तेव्हा सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेले दिवस द्या आणि उरलेली बाटली फळीवर ठेवू नका.

सुरुवातीला माझे काही पेशंट गेले. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गर्दी वाढली. पण हळूहळू काही आया परत आल्या. एक जण एका रात्री दारात उभी राहून म्हणाली, ‘डॉक्टर, मी घरी मोजले. बावन्न भरले. म्हणून आणलंय.’ बाळ दहा महिन्यांचं होतं. मी पुन्हा मोजले. बावन्नच होते. त्या रात्री मी ॲमॉक्सिसिलीन लिहून दिलं. ते लागू पडलं. पाचव्या दिवशी बाळ माझ्या टेबलावर बसून स्टेथोस्कोप ओढत होतं.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)